रित्सुकोच्या वाटीतलं पुरण

—नाही गं, त्यातही नाही. त्यात तांदूळ, साखर आणि अझुकीच्या लाल दाण्यांचं पुरण, बास. आणि हे थरथरतंय ना, ताटाला नुसता धक्का लागला तरी हलतं बघ — ते रानातल्या नेच्याच्या मुळांचं सत्त्व, पाण्यात शिजवून घोटलेलं, वरून भाजलेल्या सोयाबीनचं पीठ. हवी असेल तर काकवी देते वर ओतायला. अंडं नाही, दूध नाही, लोणी तर आमच्या घरात माझ्या सासऱ्यांनी शिरूच दिलं नाही. त्या कोपऱ्यातल्याला मात्र हात लावू नकोस, दोन धिरड्यांच्या मधे पुरण भरलेलं आहे ते — धिरड्यात अंडं आहे, मधही आहे, ते तुला चालायचं नाही. बघ, आपणहून सांगतेय. सत्तर वर्षं झाली ह्या दुकानाला, आणि सत्तर वर्षांत काराहोरीच्या चढणीवर कुणी विचारलं नाही की आमच्या, उराबेंच्या मिठाईत दूध आहे का. असणारच नाही, तर विचारायचं काय? आता तुम्ही लोक विचारता. व्हीगन, व्हीगन. तू कशापायी सोडलंस सगळं — देवासाठी, तब्येतीसाठी, का जनावरांसाठी? ...हं. तुझ्या आजीमुळे. म्हणजे तैवानात घरोघरी आहेच ते, देवळातलं जेवण. आणि जपानी किती छान बोलतेस! आमच्या ओसाकाच्या पोरी नाही बोलत इतकं नीट. बस, बस ना, स्टुलावर बस. पितरांचा आठवडा आहे, सकाळपासून भाताचे गोळे वळून वळून माझी मनगटं गेलीत, जरा कुणाशी बोलले तर बरं वाटेल. ही ओहागी खा. गोळा आतून भात, बाहेरून पुरण — उलटं भरलेलं, तेवढंच. पैसे? ते नंतर बघू.

कुठून कुठून हिंडून आलीस? उमेदाच्या मोठ्या दुकानांत गेलीस, तिथे मिळालं नाही. स्टेशनात वेष्टनावरची यादी वाचून वाचून डोळे दुखले — दुखणारच, त्यात दुधाची पावडर घातल्याशिवाय ह्या लोकांना काही सुचतच नाही. मग इकडे कशी आलीस? समोरच्या हिदामारीचं नाव लिहून आणलं होतंस. अच्छा. सगळे तिथेच येतात. त्या निळ्या दाराच्या दुकानात, हो, तेच. मग गेली का नाहीस? इथे का आलीस? ...काय वाचलंस?

...कुणी लिहिलंय म्हणालीस?

नाही, नाही, खा तू. मी नुसतं विचारलं. कुणी प्रवासी बाई असेल. लोक काय, काहीही लिहितात. गाईचं दूध होतं, मुलीच्या अंगावर गांधी उठल्या — असेलही. मला काय माहीत. मी थोडीच त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसते. बरं केलंस नाही गेलीस ते. नाही, बरं केलंस असं नाही — म्हणजे — कडक चहा देऊ का तुला? नको? बरं.

रित्सुको नाव तिचं. हिदामारीची मालकीण. रित्सुको ओनोदेरा. मी आणि ती एकाच वर्षीच्या, बासष्ट पुरी झाली दोघींना. पण तिच्याकडे बघून कुणी म्हणणार नाही, केस असे आखूड कापलेत, पांढरेच ठेवलेत, आणि तो निळा एप्रन. पूर्वी तिथे तिच्या नवऱ्याचं कॉफीचं दुकान होतं. भाजलेला जाड पाव, उकडलेलं अंडं आणि कॉफी, एवढंच मिळायचं, बाकी सिगारेटचा धूर. रित्सुकोला तेव्हा अंडंसुद्धा धड उकडता येत नव्हतं, मी सांगते ना, मी खाल्लेलं आहे. नवरा गेला, दुकान बंद पडलं, चार वर्षं शटर खालीच होतं. मग तिची नात झाली, कोहारू. त्या पोरीला दूध चालत नाही, अंडं चालत नाही. चालत नाही म्हणजे तुझ्यासारखं नव्हे — ओठाला लागलं तरी घसा सुजतो, दवाखान्यात न्यावं लागतं. पहिल्या वाढदिवसाला केकऐवजी रताळ्यावर मेणबत्ती लावली होती म्हणे. हे सांगता सांगता रित्सुको इथे, तू बसलीयस ना, त्याच स्टुलावर बसून रडली. आणि आमचे हे मागच्या खोलीतून हात पुसत बाहेर आले. हे कधी गिऱ्हाइकासमोर यायचे नाहीत, अगं! लग्नाच्या दिवशीसुद्धा पाहुण्यांसमोर चार वाक्यं बोलले नसतील. बाहेर आले आणि म्हणाले, "रित्सुको-सान, दूध-अंड्याशिवायचं गोड तर मी जन्मभर करतोय. उद्यापासून दुपारी या. शिकवतो."

शिकवतो!

बारा दुपारी आली ती. मी मोजल्या. मधला पडदा टाकून दोघं आत, आणि मी इथे बाहेर डबे बांधत बसलेली. कढईचा आवाज यायचा, लाकडी उलथनं तळाला घासल्याचा. मग ह्यांचा आवाज, "थांबा, अजून नाही. आता बघा. आता." इतकी वाक्यं सलग! आणि ती हसायची. मी लग्न होऊन आले तेव्हा सव्वीस वर्षांची होते, दुसऱ्या वर्षी मी म्हटलं होतं यांना, मलाही शिकवा ना पुरण करायला. तर म्हणाले, "तू बाहेरच बस. तुझं बोलणं गोड आहे, गिऱ्हाईक टिकतं." मी मूर्ख, मला ते कौतुक वाटलं! इतकी वर्षं मी ते कौतुक समजून इथे बसले. त्या तांब्याच्या कढईला मी घासण्यापलीकडे कधी हात लावला नाही. आणि कॉफीवालीला बारा दुपारी.

नाही, तसलं काही नव्हतं गं. तू लहान आहेस, तुमच्या मनात लगेच तेच येतं. तसलं काही असतं तर मी भांडले असते, ताटं फेकली असती, चढणीवरच्या सगळ्या बायका माझ्या बाजूनं उभ्या राहिल्या असत्या. पण पुरण शिकवलं म्हणून कुणाकडे जाऊन रडायचं? लोक हसतील. मी रित्सुकोला दुकान उघडायच्या दिवशी फुलांची कुंडीसुद्धा पाठवली. मोठी. त्यावर आमच्या दुकानाचं नाव.

आणि मग काय झालं — चाललं तिचं दुकान. सोयाच्या दुधाचं गार पुडिंग, खाली पुरणाचा थर, वर काकवी. तिळाचं आइस्क्रीम. तांदळाच्या पिठाचा केक, त्यावर भाजलेलं चेस्टनट. कुणा परदेशी पोरानं फोटो टाकले आणि रांग लागायला लागली. रांग कुठे लागायची माहितीये? माझ्या दाराशी! तिच्याकडे सावली नाही ना दुपारची, तर माझ्या छपराखाली येऊन उभे राहायचे, माझ्या काचेला पाठ टेकून. काचेच्या आत सत्तर वर्षांची दूध-अंडं नसलेली मिठाई, आणि बाहेर तिला पाठ लावून दूध-अंडं नसलेल्या मिठाईसाठी उभी असलेली माणसं. जीव जळतो की नाही? तूच सांग. मी शेवटी पुठ्ठ्यावर लिहून लावलं, 'इथेही व्हीगन.' ह्यांनी पाहिलं आणि काढून टाकलं. म्हणाले, "असलं लिहायचं नाही. ज्याला हवं तो विचारेल." कुणी विचारेना. विचारलं तर एवढंच — "हिदामारी कुठेय?"

तर मी चुकीचा रस्ता सांगायला लागले.

हस, हस. मलाही तेव्हा हसू यायचं. "खाली उतरा, मग डावीकडे दगडी पायऱ्या, वर देऊळ लागेल, त्याच्या मागे." देवळामागे काय आहे? काही नाही, कबरी आहेत. एक जोडपं, जर्मन असावं, उन्हातून तासाभरानं घामाघूम परत आलं, म्हणालं नाही सापडलं. आणि माझ्याकडून दोन पाण्याच्या बाटल्या घेऊन, वाकून धन्यवाद देऊन गेलं. बाई तर म्हणाली देऊळ फार शांत होतं. एवढं चांगुलपण असलेल्या माणसाचा राग येतो बघ.

पण ते लहानसहान होतं. ते नव्हतं मला इतकं लागलं.

ह्यांना झटका आला दोन वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत. पहाटे अझुकी भिजल्यात का बघायला उठले आणि तिथेच, मागच्या पायरीवर बसले. बसलेले दिसले म्हणून मला वाटलं दमलेत. मी म्हटलं, "आत या, गारठा आहे." उठायला गेले ते एका अंगाला कलले. उजवा हात गेला. म्हणजे आहे, पण उलथनं धरवत नाही. तोंडाची एक बाजू बधिर. तीन महिने दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले जिभेला चवही धड कळायची नाही आता. घरी आले ते असे, काठी टेकत, आणि पहिली गोष्ट काय केली — मागे जाऊन कढईसमोर उभे राहिले. मी म्हटलं, मी करते, तुम्ही सांगा. सांगता येईना. शब्द अडकतात ना. मग चिडायचे. मग मी आपलं आठवून आठवून करायला लागले — पडद्याआडून चौतीस वर्षं जे ऐकलं त्यावरून. आवाजावरून, अगं! पाणी कधी ओततात, ज्योत कधी लहान करतात, ते आवाजावरून. आणि जमलंही. गिऱ्हाईक खातं. तू खातेयस ना आत्ता? कसंय? ...हो, छान म्हणणारच, उपाशी आहेस. पण पहिल्यांदा केलं तेव्हा चमच्यात घेऊन ह्यांच्यासमोर धरलं. तोंडात घेतलं, घोळवलं, चमचा खाली ठेवला. काही म्हणाले नाहीत. रोज पहाटे पुढे करायचे, रोज चमचा खाली. वर्षभर. मी स्वतःची समजूत घातली, जीभच गेलीय, त्याला मी काय करणार.

मग एक दिवस रित्सुको आली, हातात वाटी. पुडिंग. ह्यांना म्हणते, "तामोत्सु-सान, जरा बघता का कसं झालंय?" मी म्हटलं, "त्यांना आता चव कळत नाही, उगाच कशाला." तिनं ऐकलंच नाही. चमचा भरवला. आणि हे — वर्षभर न बोललेला माणूस — डोळे मिटले ह्यांनी, आणि अगदी स्पष्ट म्हणाले, "गोड आहे."

एवढंच. "गोड आहे."

तेव्हापासून रोज तिकडे जातात. तीन वाजले की काठी घेतात. रस्ता ओलांडायला त्यांना दहा मिनिटं लागतात, सायकलवाले थांबतात, मी इथून बघत असते, हात धरायला गेले तर झिडकारतात. आत्ताही तिथेच आहेत. त्या खिडकीतली पाठ दिसते ना, करडा स्वेटर? ते आमचे हे. मी विणलाय तो.

...खाली का ठेवलीस? खा की. आणखी एक देते, अक्रोडाची आहे, त्यातही काही नाही.

ती मुलगी — तू वाचलंस ना, जिच्या अंगावर गांधी उठल्या. ती मुलगी नाहीच आहे. म्हणजे कुणाचीच नाही. मला मूल नाही. 'माझ्या मुलीच्या' असं टाइप करताना बोट जरा थबकलं होतं, पण मग केलं. माझ्या भाचीनं हा फोन घेऊन दिला, जेवणापासून डॉक्टरपर्यंत सगळं ह्यावरून मागवता येतं म्हणाली. मी एकच गोष्ट नीट शिकले. नाव घेतलं 'प्रवासी एम'. लिहिलं, सोयाचं म्हणून दिलं, गाईचं दूध निघालं, माझ्या मुलीच्या अंगावर गांधी उठल्या, सावध राहा. चार ओळी. दोनदा वाचल्या, एक चूक सुधारली, पाठवून दिल्या. आणि दुसऱ्या दिवशी दहा लोकांनी त्याखालचा अंगठा दाबला, उपयोगी आहे म्हणून. तिसऱ्या दिवशी तीस. परवा बघितलं तर एकशे चाळीस! मी आयुष्यात केलेल्या कुठल्या गोष्टीला इतक्या माणसांनी एका वेळी बरं म्हटलं नसेल. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, आता सगळं बोललेच आहे तर — फार बरं वाटलं.

थांब ना. उठू नकोस. चप्पल घालू नकोस अशी. पुढचं ऐक तरी.

रांग आटली. महिन्याभरात. आणि मला वाटलं होतं ती चिडेल, कोण आहे ही बाई म्हणून थयथयाट करेल, मग मी आतून हसेन. तर तिनं काय केलं? तिनं मानलं ते! घरातले सगळे डबे फेकले. प्रत्येक पुडक्यावरचं बारीक अक्षर भिंग लावून वाचलं. भांडी तीनतीनदा उकळली. त्या मुलीची माफी मागणारी चिठ्ठी दारावर लावली — अजून आहे, दिसतेय इथून, पांढरा कागद. जी मुलगी जन्मालाच आली नाही तिची माफी. आणि गेल्या गुरुवारी दुकान बंद करून माझ्याकडे आली, ह्या इथे कमरेत वाकली आणि म्हणाली, "शिझुनो-सान, माझं काहीतरी चुकतंय आणि मला कळत नाहीये. तुमची जीभ चांगली आहे. एकदा येऊन खाऊन बघाल का? दूध कुठून शिरतंय ते सांगाल का?"

गेले मी. नाही कसं म्हणणार? पाच वाट्या मांडल्या होत्या तिनं. मी पहिल्यांदाच खात होते तिच्या हातचं गोड, इतक्या वर्षांत — आणलं तरी मी तोंडात घालत नसे. खालपर्यंत चमचा घातला, पुरण आलं जिभेवर. आणि मला कळलं.

ह्यांचं होतं ते. पुरण. अगदी तेच गं — शेवटी येणारं मीठ, तेच, दाणा मोडलाय पण साल हरवली नाही, तसंच. दोन वर्षं मी आठवून आठवून जे करत होते आणि जमत नव्हतं, ते तिच्या वाटीत होतं. जीभ गेली नव्हती ह्यांची. जीभ चांगली होती, माझंच पुरण वाईट होतं. ते तिच्या हातचं गोड म्हणत नव्हते, ते स्वतःच्या हातचं खात होते, आणि ते माझ्याकडे नव्हतं, तिच्याकडे होतं. मी अगदी सहज विचारावं तसं विचारलं, "साखर कधी घालतेस?" तर म्हणाली, "शिजल्यावर गॅस बंद करून झाकून ठेवायचं ना बराच वेळ, दाणा निवांत झाला की मग. तामोत्सु-सान म्हणायचे, घाई केली तर तो आखडतो." आणि मग माझ्याकडे अशी बघायला लागली, खरंच आश्चर्यानं, वाईट मनानं नाही, तेच तर — म्हणाली, "तुम्हाला नाही सांगितलं त्यांनी?"

मी चमचा ठेवला. आणि म्हटलं, "रित्सुको, किंचित दुधाचा वास येतोय खरा."

हो. म्हटलं मी असं. बघतेस काय?

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून मी तसं केलं. झाकून ठेवलं, तासभर हात लावला नाही, मग साखर, मग शेवटी मीठ. रंगच वेगळा आला, कडेनं चकचकीत. हे उठले, मी बशीत वाढलं, समोर ठेवलं आणि एप्रन घट्ट धरून उभी राहिले, परीक्षेला बसल्यासारखी. खाल्लं. पुन्हा घेतलं. आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "आज रित्सुकोकडून आणलंस?"

मी हो म्हटलं.

काय म्हणणार होते? मी केलंय म्हटलं असतं तर पुढे विचारलं असतं, कुठे शिकलीस. तू खातेयस ते त्याच पद्धतीचं आहे. तिची पद्धत. ह्यांची पद्धत. कुणाची का असेना, माझी नाही.

आणि काल कोहारू आली. रित्सुकोची नात. सात वर्षांची आहे आता, पाठीवर शाळेचं दप्तर, बाहेरच्या पडद्याखालून डोकं घालून म्हणते, "उराबेच्या काकू, ह्यात दूध आहे का?" म्हटलं, "नाही गं बाई, कधी होतं का?" तर म्हणे, "नक्की?" त्या पोरीनं मला कधी नक्की विचारलं नव्हतं. पडायला लागलेले दात घेऊन इथे यायची आणि काहीही उचलून खायची, आमच्याकडे भीतीच नाही ना. मी म्हटलं, "आजीनं करून नाही दिलं का काही?" म्हणे, "आजी आता मला काहीच करून देत नाही. म्हणते, माझ्या हातावर माझाच भरवसा नाही राहिला." मी एक ओहागी दिली तिला. तिनं घेतली, वाकून धन्यवाद म्हणाली, आणि रुमालात बांधली. खाल्ली नाही. म्हणाली, "आईला दाखवून मग खाईन." माझ्या हातची! रित्सुकोवरचा भरवसा मोडायला गेले आणि माझ्यावरचाही—

रात्री झोप लागली नाही. सकाळी म्हटलं, पितरांचा आठवडा संपला की बघू. आणि तू येऊन बसलीस, इतक्या लांबून आलेली, हातात नाव लिहिलेला कागद, आणि त्यावर रेघ मारलेली. मी मारलेली रेघ ती.

ऐक. तुला ह्यातलं कळतं ना? हा घे फोन. ते लिहिलेलं पुसता येतं का? मी शोधलं, मला सापडत नाही. लिहायचं ते लगेच सापडतं, पुसायचं मात्र कुठेतरी लपवून ठेवतात. ...हं, हेच नाव. प्रवासी एम. त्या तीन टिंबांवर? अच्छा, तिथे होतं होय. काय विचारतंय ते? 'कायमचं पुसायचं का.' हो, म्हणजे — हो. थांब, जरा चष्मा लावते, शेवटचं एकदा वाचते. सावध राहा. किती साधं वाटतं ना वाचायला. मला वाटतं तिला सांगावंही लागेल, नुसतं पुसून काय, ती तर भांडी उकळतच बसेल. सांगेन. आज नाही. ह्या आठवड्यात नाही. पण निदान—

बाहेर आले बघ. उठलेत आज लवकर. दार तीच धरून उभी आहे. ...काय करतेय ती? काकवी सांडलीय वाटतं ह्यांच्या हनुवटीवर. ती बाजू कळत नाही ना त्यांना, सांडलेलं कळत नाही. घरी मी नुसता रुमाल पुढे केला तरी तोंड फिरवतात, मी काय लहान आहे का म्हणतात. आणि तिथे बघ. भर रस्त्यात. हनुवटी वर करून उभे आहेत तिच्यासमोर. ती पुसतेय आणि हे हसतायत. बघ, हसतायत, त्या चांगल्या बाजूनं. मला दोन वर्षं वाटतंय की ते आता हसूच शकत नाहीत.

थांब. नको पुसूस. दे तो फोन इकडे. राहू दे ते तसंच, दे म्हटलं ना — 

...दाबलंस?

कधी? मी तिकडे बघत असताना? तुला कुणी सांगितलं होतं, मी थांब म्हटलं ना! ...आधी म्हटलं होतं हो, पण नंतर थांब म्हटलं! दाखव. नाही. काहीच नाही. एकशे चाळीस अंगठे, तेही गेले?

...बरं.

बरं, बरं. रडत नाहीये मी, सोयाबीनचं पीठ उडालंय डोळ्यांत. ऊठ तू. तो डबा घे, बांधलाय तुझ्यासाठी. नको ते पैसे, ठेव म्हटलं ना. आणि तिकडे जाणार असशील तर जा, पुडिंग घे, पुरण खालपर्यंत चमचा घालून खा. फक्त ते रस्त्यात आहेत तोवर जाऊ नकोस, त्यांना घाबरायला होतं कुणी भराभर समोरून आलं की. आलेच बघ. चप्पल घाल लवकर. मी तुला काही सांगितलेलं नाही, कळलं? काहीही नाही. — या. सावकाश. पायरी आहे. ...कोण? कुणी नाही, गिऱ्हाईक होतं. निघालीय ती.